अडकलेले मेल आणि शेठची सून

शेठची सून पहिल्यांदा ऑफिसात आली, तेव्हा मी सर्व्हरच्या खोलीत फरशीवर बसून पंख्याच्या जाळीतली धूळ ब्रशने काढत होते. आमच्याकडची धूळ साधी नसायची. खालच्या गाळ्यात स्टीलच्या डब्यांना पॉलिश व्हायचं. त्याची काळी, तेलकट भुकटी जिना चढून वर यायची आणि जिथे बसेल तिथून हलायची नाही. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. दारात आधी फिकट पिवळा ड्रेस दिसला, मग आवाज आला.

"ताई, हा आपला मेल सर्व्हर का?"

तो 'आपला' मला लागला. विकत घेतला होता शेठनी, हे खरं, पण पोसला होता मी.

भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणारे असे गाळे गल्लोगल्ली होते. आमची कंपनी त्यातली मध्यम, माल आखातात आणि आफ्रिकेत जायचा. मी तिथे लागले ती टायपिंगसाठी. घर मीरा रोडच्या पेणकरपाड्याला, आईवडील रत्नागिरीकडून आलेले, आणि बारावीनंतर एका क्लासमध्ये केलेला कॉम्प्युटरचा डिप्लोमा, एवढीच माझी पुंजी. मेल सर्व्हर बसवून देणारा माणूस पुढे पुढे फोनच उचलेनासा झाला. मग काही बिघडलं की सगळे मला म्हणायचे, तू कॉम्प्युटर शिकलीयस ना, बघ जरा. मी बघत गेले. जुनी पुस्तकं आणली, नेटवर वाचलं, चुकत चुकत शिकले.

त्या वर्षांत कचरा मेलना ऊत आला होता. ताकदीची औषधं, लॉटऱ्या, कुठल्या तरी मेलेल्या जनरलच्या, कोट्यवधी देऊ करणाऱ्या विधवा, आणि त्याहून वाईट पुष्कळ काही. एकदा शेठ पाहुण्यांना ऑर्डर दाखवायला गेले आणि मेल उघडताच स्क्रीनभर नको ते चित्र आलं. शेठ देवभोळे, कांदा-लसूणसुद्धा न खाणारे. त्या दिवशी ते केबिनमधून बाहेरच आले नाहीत.

त्यानंतर मी फिल्टर बसवला. त्याचं काम म्हणजे उलटी परीक्षा. आलेल्या प्रत्येक मेलला तो गुण द्यायचा, आणि जितके गुण जास्त तितका मेल वाईट. ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला की तो मेल वेगळ्या पेटीत अडकायचा, कोणाला दिसायचाच नाही. आठवड्याभरात ऑफिस स्वच्छ झालं. शेठ स्वतः काजूकतली घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"बेटा, तू नहीं होती तो मेरी दुकान बंद हो जाती."

हे वाक्य मी घरी सांगितलं, शेजारी सांगितलं, मामाच्या गावी जाऊनही सांगितलं.

आणि आता ही दारात उभी होती. शेठच्या धाकट्या मुलाची बायको. लग्नाला काही महिने झालेले, घरी बसून कंटाळा येतो म्हणून शेठनी ऑफिसात आणलेली. "हमारी बहू है, इंजिनियर," असं ते प्रत्येक टेबलापाशी थांबून सांगत होते. इंजिनियर म्हणताना त्यांचा आवाज जरा वर जायचा. माझी ओळख करून देताना म्हणाले, "और ये भी कॉम्प्युटर का देखती है."

'भी'. बघा.

सगळे तिला भाभी म्हणायला लागले. मीही म्हणायचे, पण अगदी गरज पडली तरच. ती माझ्याच वयाची, असलीच तर वर्षभर लहान. ती कीबोर्डकडे न बघता टाईप करायची. परदेशी गिऱ्हाइकाचा फोन आला की इंग्रजीत इतकी सहज बोलायची, की पलीकडचा माणूस हसताना मला इकडे ऐकू यायचं. तिचा ड्रेस संध्याकाळीसुद्धा सकाळसारखाच असायचा, जणू ती भुकटी तिला ओळखून बाजूला व्हायची. आणि कहर म्हणजे तिचं मराठी. गुजराती घरातली, पण नाशिकला वाढलेली. मी 'चेक करते' म्हणायचे, ती 'पडताळून बघते' म्हणायची. मी घरात मराठी, दुकानात हिंदी, ऑफिसात शेठशी अर्धी गुजराती असं सगळं कालवून बोलणारी. माझ्याच भाषेत ती माझ्यापेक्षा बरी बोलते, याचा मला जितका राग यायचा तितका तिच्या डिग्रीचाही येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "ताई, सर्व्हरचा पासवर्ड मिळेल का? म्हणजे तुम्हाला चालणार असेल तर."

मी कागदावर लिहून दिला. न चालून सांगते कोणाला?

घरी गेल्यावर आईला म्हटलं, "सगळं आयतं मिळतं एकेकाला."

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ती शेटची सून. तू कशाला तिची बरोबरी करत्येस गो? तिचं तिच्यापाशी, तुझं तुझ्यापाशी."

माझं माझ्यापाशी होतं तेच तर ती घ्यायला आली होती. आईला ते कसं सांगणार?

मग ते प्रकरण सुरू झालं. दुबईचा आमचा मोठा गिऱ्हाईक, हॉटेलांना भांडी पुरवणारा, एक दिवस फोनवर शेठवर भडकला. त्याने ऑर्डरचा मेल पुन्हा पुन्हा पाठवला होता आणि आमच्याकडून एकाचंही उत्तर नव्हतं. शेठ केबिनमधून ओरडत बाहेर आले. मी अडकलेल्या मेलची पेटी उघडली. त्याचे सगळे मेल तिथेच, औषधांच्या आणि लॉटऱ्यांच्या मधोमध, शहाण्या मुलासारखे बसलेले. आणि तो एकटाच नव्हता. मस्कतचा एक होता, मोंबासाचा एक, मुंबईतल्या आमच्या शिपिंग एजंटचे कितीतरी.

"बंद करो ये फिल्टर-बिल्टर," शेठ म्हणाले. "कचरा आएगा तो आएगा. ऑर्डर तो दिखेगा."

सगळं ऑफिस माझ्याकडे बघत होतं. बोलायला तोंड उघडलं, पण आवाज आला भाभीचा.

"पप्पाजी, बंद नको. का अडकतात ते आधी शोधू. ताईंनी एवढं चांगलं बसवलंय, ते फेकून कशाला द्यायचं?"

शेठ लगेच गप्प झाले. मी हेच म्हणणार होते, आणि मी म्हटलं असतं तर अजून ओरडा खाल्ला असता. तिने माझी बाजू घेतली होती. मला तिचे आभार मानायला हवे होते. पण आभार मानायला आधी बरोबरीला असावं लागतं. तिने वरून हात दिला होता, आणि मला तो धरावासा वाटत नव्हता.

मी ठरवलं, हे मी शोधून काढणार. तिच्या आधी.

पहिल्यांदा दुबईवाल्याचा पत्ता 'ह्याला कधी अडवू नको' अशा यादीत टाकला. त्याच्यापुरतं भागलं, पण दुसऱ्याच दिवशी त्याच्या भागीदाराचा मेल अडकला. मग मर्यादा वर नेली, म्हणजे जास्त गुण मिळाले तरी मेल आत सोड. त्याबरोबर कचरा परत आत घुसला आणि शेठच्या केबिनमधून "हे राम" ऐकू आलं. मर्यादा पुन्हा खाली आणली. एकेक गिऱ्हाईक यादीत घालत बसले असते तर जन्म गेला असता, आणि नवीन गिऱ्हाइकाचं काय? त्याचा पत्ता यायच्या आधी मला कसा कळणार?

भाभी मात्र घाई करायची नाही. शेजारी बसून मेलच्या डोक्यावरच्या ओळी वाचायची. त्या ओळींत फिल्टरने कशाकशाला किती गुण दिले ते लिहिलेलं असतं. मी त्या रोज बघायचे, पण ती कथा वाचल्यासारखी वाचायची.

एक दिवस मी मुद्दाम सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेले. खालचा गाळा अजून उघडायचा होता, इस्टेटमध्ये शांतता होती. अडकलेले चांगले मेल मी पाठवल्याच्या वेळेप्रमाणे लावले, आणि एक गोष्ट डोळ्यात भरली. बहुतेक सगळे दुपारनंतरचे होते. सकाळचे मेल नीट येत होते. त्या अडकलेल्या मेलना गुण मिळाले होते ते एकाच कारणाने: मेलवरची तारीख भविष्यातली आहे.

भविष्यातली तारीख? मेलवर तर ज्या त्या दिवसाचीच तारीख होती.

मग डोक्यात लख्ख झालं. मेल पुढे नव्हता, आमचं घड्याळ मागे होतं. त्या दिवसांत भाईंदरला लोडशेडिंग जोरात होतं, आणि आमचा यूपीएस म्हातारा झाला होता. दुपारी लाईट गेली की थोडा वेळ तग धरून तो मान टाकायचा, सर्व्हर बंद पडायचा, आणि लाईट आली की आपोआप चालू व्हायचा. मशीन बंद असताना त्याच्या आतलं घड्याळ एका छोट्या बटणासारख्या सेलवर चालतं. तो सेल संपला होता. त्यामुळे चालू होताना सर्व्हरला वाटायचं आपण काही वर्षं मागे आहोत, आणि आजचे मेल त्याला भविष्यातून आल्यासारखे दिसायचे. रोज रात्री तो नेटवरून वेळ जुळवून घ्यायचा, म्हणून सकाळी मी बघायचे तेव्हा सगळं बरोबर.

मी तशीच खाली उतरले आणि स्टेशनजवळ घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडून सेल आणला. भाभी आली तेव्हा मी मशीन उघडून बसले होते.

"काय सापडलं?" तिने विचारलं.

मी सांगितलं. तिचे डोळे मोठे झाले. "अरे वा! हे मला सुचलंच नसतं. मी घड्याळाकडे बघितलंच नाही."

तो दिवस माझा होता. शेठना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते "शाब्बास" म्हणाले. संध्याकाळी पेणकरपाड्याच्या रिक्षात बसले तेव्हा मला उगाचच गाणं गुणगुणावंसं वाटत होतं. इंजिनियर असून तिला सुचलं नाही, हे मी रस्ताभर चघळत होते.

आठवडाभर सगळं ठीक चाललं. मग मस्कतचा मेल अडकला. सकाळी. लाईट गेलेली नसताना. पाठोपाठ मोंबासाचा.

भाभी म्हणाली, "म्हणजे दुखणी दोन होती. एक तुम्ही काढलंत."

ती असं काही बोलली की मला चीड यायची. टोमणा मारला असता तर उत्तर देता आलं असतं. तिच्या बोलण्यात टोमणा नसायचाच.

या वेळी गुण मिळाले होते ते शब्दांना. आमचा फिल्टर शिकायचा. त्याला कचऱ्याचे मेल दाखवले की कचऱ्यात कोणते शब्द येतात ते तो लक्षात ठेवायचा, चांगले दाखवले की चांगल्यांचे. त्यासाठी मी सगळ्यांच्या स्क्रीनवर एक बटण दिलं होतं: स्पॅम. कचरा दिसला की ते दाबायचं, मेल शिकवणीच्या ढिगात जायचा. भाभीने तो ढीग उघडला आणि एकेक मेल वाचायला लागली. मी तो कधी उघडलाच नव्हता. कचऱ्याचा डबा कोण उघडून बघतं?

"ताई, हे बघा."

मी वाकून बघितलं. औषधं, औषधं, लॉटरी, मग मस्कतच्या गिऱ्हाइकाचा एक मेल: झाकणं डब्यांना नीट बसत नाहीत. पुन्हा लॉटरी. मग दुबईचा: झाकणांवर ओरखडे आहेत. मोंबासाचा: झाकणं कमी आली. झाकण, झाकण, झाकण. फिल्टर बिचारा शिकला होता की ज्या मेलमध्ये झाकणाचं नाव आहे तो कचरा. आणि आम्ही तर झाकणाचे डबे विकणारी माणसं!

"हे स्पॅममध्ये कोणी टाकले असतील?" तिने विचारलं.

सगळे मेल एकाच पत्त्यावर आले होते. एक्स्पोर्टच्या काकांच्या.

काका भाईंदरजवळच्या राई गावचे. त्यांच्या घरची शेती खाडीकडेला होती. ते मात्र तरुणपणीच टाईपरायटर शिकून शेठच्या वडिलांकडे लागले होते. आता साठीला टेकलेले. इंग्रजीतली पत्रं त्यांच्यासारखी कोणी लिहायचं नाही, पण बोलायला लागले की गावचं बोलायचे. मी नवीन होते तेव्हा डब्यातला बोंबील कोणाला कळू न देता मला देणारे तेच. शेठच्या ऑफिसात मासळी आणायची सोय नव्हती, म्हणून आम्ही दोघं गच्चीवर जाऊन जेवायचो.

भाभी खुर्चीत मागे टेकली. "मी त्यांना विचारणार नाही," ती म्हणाली. "मी विचारलं तर ते शेठच्या सुनेने विचारल्यासारखं होईल. घरी कोणाच्या तरी कानावर जाईल. तुम्ही विचारा ना."

बरोबर होतं तिचं. आणि हेही तिलाच आधी कळलं होतं.

दुपारी गच्चीवर मी काकांना विचारलं, "काका, ते स्पॅमचं बटण तुम्ही केव्हा दाबता?"

"नको तो मेल आला का दाबतो. तूच सांगितलंस ना, नको असंल तर दाबा."

"मग झाकणांच्या तक्रारी?"

"त्या तर मला मुळीच नको हायत!" काका म्हणाले, आणि मग माझा चेहरा बघून त्यांनी घास खाली ठेवला. "अगं, मी त्यांना फोन करतो ना. प्रत्येकाला. बोलून, समजूत काढून, नवीन झाकनं पाठवतो. काम झालं का मेल डोळ्यांपुढं नको म्हनून त्या बटनानं घालवतो. का गं? कायतरी बिघडलं का?"

मी त्यांना सांगितलं. फिल्टर कसा शिकतो, आणि त्यांनी त्याला काय शिकवलं ते. काकांचा चेहरा उतरत गेला.

"म्हंजे दुबईची ऑर्डर माझ्यापायी अडकली?"

"तुमच्यापायी नाही. बटणावर लिहिलेलं कळलं नाही, एवढंच."

"शेटला सांगनार तू?"

"न्हाय," मी त्यांच्याच बोलीत म्हटलं. ते हसले नाहीत.

खाली आल्यावर भाभीला सांगितलं. तिने मान हलवली आणि सरळ शेठच्या केबिनमध्ये गेली. काचेचं दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"पप्पाजी, मशीन चुकीचं शिकलं होतं. पुन्हा शिकवायला लागेल, थोडे दिवस जातील. ताईंनी शोधून काढलं."

खोटं. घड्याळ मी शोधलं होतं. हा ढीग उघडला तिने. काकांचं नाव तिने गाळलं ते मला आवडलं, पण माझं नाव तिने का घातलं? शेठनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं, आणि हसून म्हणाले, "मुझे पता है किसने ढूंढा." त्यांना वाटलं, सून किती मोठ्या मनाची. मला मिळालेलं श्रेय दोन पावलांत तिच्याकडे परत गेलं, वर व्याज घेऊन. मी टेबलाचा खण उघडून उगाच काहीतरी शोधत बसले.

मशीनला पुन्हा शिकवायचं म्हणजे जुनं सगळं पुसून दोन ढीग नव्याने लावायचे: चांगल्यांचा आणि कचऱ्याचा. तो फार मोठा उद्योग होता. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून सकाळ-दुपार मेल वाचायचो. ती वाचायची, मी सांगायचे, कधी उलट. जनरलच्या विधवेचे मेल ती नाटकातल्यासारखे आवाज काढून वाचायची, आणि मी न हसण्याचा प्रयत्न करूनही हसायचे. एकदा तर खालचा मुकादम वर बघायला आला, काय झालं म्हणून.

एका मेलवरून मात्र आमची जुंपली. 'परमेश्वराच्या कृपेने, प्रिय बंधू, तातडीने' अशी सुरुवात, पुढे बँकेचं काहीबाही, आणि पत्ता लागोसचा.

"हा कचरा," भाभीने सांगून टाकलं.

"हा चांगला," मी म्हटलं.

"ताई, अहो, प्रत्येक ओळ तशीच आहे."

"असू दे. तो माणूस इथे येऊन गेलाय. शेठबरोबर बसून ढोकळा खाल्लाय. तो असाच बोलतो. जाताना त्याने वॉचमनलापण प्रिय बंधू म्हटलं होतं."

ती म्हणाली, "म्हणजे मी एकटीने लावले असते तर हा गेला असता." आणि तिने तो मेल स्वतःच्या हाताने चांगल्यांच्या ढिगात टाकला.

त्या दिवसांत माझी धार जरा बोथट झाली होती, खोटं का बोलू. चहा आम्ही एकत्र घ्यायचो. स्पॅमचं बटणही आम्ही बदललं. त्यावर मराठीत 'फसवा मेल' असं लिहिलं आणि शेजारी दुसरं दिलं, 'काम झालं'. दोन्ही नावं तिला सुचली. मला का नाही सुचली, म्हणून मी घरी जाईपर्यंत स्वतःवर चिडत होते.

असंच एकदा चहा पिताना मी सांगितलं, माझी मैत्रीण मालाडला एका कंपनीत लागलीय, मेल सर्व्हरचंच काम आहे, अजून माणसं घेतायत. भाभीने कप खाली ठेवला.

"मग तुम्ही अर्ज का करत नाही?"

"मी? माझ्याकडे डिग्री कुठाय?"

"तुम्हाला काम येतं. मला विचाराल तर आजच करा." मग खिडकीकडे बघत, "मला कॉलेजातूनच नोकरी मिळाली होती. बेंगळुरूला. लग्न ठरलं, मग राहिलं ते."

यावर मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण माझ्या मनात आलं, बाई, खाली गाडी उभी आहे, ड्रायव्हर तुझी वाट बघतोय, आणि तू मला नोकरी राहिल्याचं सांगतेस. मी नुसतं "हं" म्हटलं.

फिल्टर सुधारला. दुबईचे मेल आले, मस्कतचे आले, झाकणांच्या तक्रारी तर थेट शेठपर्यंत जायला लागल्या आणि त्यामुळे खालच्या गाळ्यात एक नवीन साचा आला. काका प्रत्येक मेलनंतर 'काम झालं' दाबायचे आणि माझ्याकडे बघून मान डोलवायचे.

मग एक दिवस भाभी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेठनी पेढे वाटले. बाळ होणार होतं, घरच्यांनी तिचं ऑफिसला येणं बंद केलं होतं. सर्व्हर पुन्हा माझ्या एकटीचा झाला. पहिले काही दिवस मी खोलीत पाय पसरून बसले, अगदी राणीसारखी. नंतर काही अडलं की मला शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मोठ्याने बोलायची सवय लागली, आणि ती मोडायला वेळ गेला.

मालाडला अर्ज मी केला, तिने सांगितलं म्हणून नव्हे, मैत्रीण मागे लागली म्हणून. मुलाखतीत एका जाड चष्म्याच्या बाईंनी विचारलं, चांगले मेल कचऱ्यात जात असतील तर तुम्ही आधी काय बघाल? मी म्हटलं, आधी घड्याळ बघेन. मग बघेन की मशीनला शिकवतंय कोण. बाई हसल्या, आणि मला नोकरी मिळाली.

शेठना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसूनच राहिले. "अब मेल कौन देखेगा?" असं दोनतीनदा म्हणाले. दुसरा माणूस त्यांनी शोधलाही, पण त्याला आमचा सर्व्हर झेपेना. शेवटी घरात बरीच बोलाचाली झाली असावी. माझ्या शेवटच्या आठवड्यात भाभी ऑफिसात आली, बाळ आणि बाळाला सांभाळणारी बाई यांच्यासह. मी नोकरी सोडली म्हणून तिला तिचं काम परत मिळालं होतं.

मी तिला काय काय बदललंय ते दाखवत होते. ती ऐकत होती, मधेच प्रश्न विचारत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की मला तिच्याकडे बघवेना. मी चांगल्या नोकरीला चालले होते. ऑफिसभर माझं कौतुक होत होतं. तरी खोलीतून बाहेर पडताना मला वाटत होतं की आतमध्ये राहतेय तीच नशीबवान.

मालाडची कंपनी मोठी होती, काचेची, थंडगार. तिथे आम्ही ओळीने बसायचो आणि लोकांच्या तक्रारी सोडवायचो. कुठल्यातरी देशातल्या कुठल्यातरी सर्व्हरवरच्या. तो सर्व्हर कधी डोळ्यांनी दिसायचा नाही. त्याचा पंखा कोण पुसतं तेही कळायचं नाही.

दिवाळीच्या सुमारास काकांचा फोन आला.

"पोरी, कशी हायस? अगं, भाभीची कमाल झाली. आता आजूबाजूच्या गाळ्यांचे मेल पन तीच बघते. शेटनी मागची खोली तिला दिली. दोन पोरी कामाला ठेवल्यात. येक तर आपल्या राईची हाय."

"छान झालं," मी म्हटलं. कानाजवळ काहीतरी तापत होतं.

"तुझी आठवन काढते ती. परवा म्हनाली, ताई असत्या तर बरं झालं असतं."

"काका, तिला विचारा ना, एवढे सगळे गाळे एकाच मशीनवर कसे चालवते? का नवीन घेतलंय?"

"मला काय कळतंय त्यातलं? तूच ये नि इचार. शनवारी ये. मी बोंबील आनतो."

येते म्हटलं. शनिवारी ऑफिस अर्धाच दिवस असायचं. घरी जायला मीरा रोडला उतरायच्या ऐवजी एक स्टेशन पुढे, भाईंदरला जायचं होतं, एवढंच. मी गेले नाही.